माहूरगड : सहलीतून इतिहासाचा पाठ

यवतमाळहून आर्णीमार्गे दक्षिणेस जाऊन पैनगंगा ओलांडली की नांदेड जिल्ह्यातील माहूर लागते. नदीने येथे दोन जिल्हे वेगळे केले असले, तरी इतिहासाने ते जोडलेले आहेत. साडेतीन शक्तिपीठांपैकी एक असलेल्या रेणुकामातेच्या दर्शनास यवतमाळ जिल्ह्यातून असंख्य भाविक येतात. परंतु शेजारच्या डोंगरावरील किल्ल्याकडे त्यांतील थोडेच वळतात. निदान शाळांच्या सहलींनी तरी हा परिपाठ बदलावयास हवा.

किल्ला आणि भूगोल

किल्ला येथेच का बांधला गेला, याचे उत्तर तटावर उभे राहताच मिळते. खाली पैनगंगेचे वळण, सभोवती सागाचे अरण्य आणि वऱ्हाडातून तेलंगणाकडे जाणारी वाट, या तिन्हींवर येथून नजर राहते. म्हणूनच बहमनी वजीर महमूद गवान याने पंधराव्या शतकात वऱ्हाडचे दोन भाग केले, तेव्हा गाविलगडाप्रमाणे माहूर हेही एका भागाचे ठाणे ठरले. पुढे मोगल अमदानीत माहूर सरकारचे हे मुख्य ठिकाण होते. येथील उदाराम देशमुख घराण्यातील सावित्रीबाई ही ‘रायबाघन’ या किताबाने प्रसिद्ध आहे. १६६१ मध्ये उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाची कोंडी केली, त्या मोगल सैन्यात ती होती. पायथ्याच्या परिसरात डोंगर कोरून केलेली पांडवलेणी आहेत. ती राष्ट्रकूटकालीन, म्हणजे किल्ल्याच्या सुलतानी वैभवाहूनही प्राचीन मानली जातात.

घराजवळचा वारसा

सहलीची तयारी मात्र आपल्याच जिल्ह्यात करता येते. यवतमाळजवळील लोहारा येथील कमलेश्वराचे मंदिर हेमाडपंती पद्धतीचे आहे. चुन्याचा आधार न घेता, घडीव दगड एकमेकांत बसवून भार तोलावयाचा, हे या बांधणीचे मर्म होय. यादवांचा मंत्री हेमाद्री याचे नाव तिला लाभले असले, तरी अशी पुष्कळ मंदिरे त्याच्या पूर्वीची आहेत. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना दगडांचे सांधे पाहावयास व रेखाटावयास लावावे. नुसत्या व्याख्यानापेक्षा त्याचा ठसा अधिक काळ टिकेल.

ग्रामपंचायतींचे कर्तव्य

जीर्णोद्धाराच्या उत्साहात शिल्पांवर तैलरंग चढतो, सांध्यांत सिमेंट भरले जाते, निखळलेले दगड ओट्यांसाठी उचलले जातात. हेतू चांगला असला, तरी पुरावा कायमचा नष्ट होतो. केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करण्यास २०१० च्या दुरुस्ती कायद्याने मनाई आहे. त्यापलीकडील २०० मीटरपर्यंत पूर्वपरवानगी लागते. परंतु संरक्षित यादीत नसलेल्या वास्तूंचा रक्षक गावच असतो. निखळलेला दगड जागेवरच ठेवणे, झाडांची मुळे वेळीच रोखणे आणि दुरुस्तीपूर्वी पुरातत्त्व खात्याचा सल्ला घेणे, एवढे प्रत्येक पंचायतीस साधण्यासारखे आहे.

राज्यघटनेने वारशाचे जतन आणि वनांचे संरक्षण ही दोन्ही नागरिकांची मूलभूत कर्तव्ये मानली आहेत. माहूरच्या तटावर ही दोन्ही कर्तव्ये एकाच दृष्टिक्षेपात दिसतात.