दवाखान्यापूर्वीची शुश्रूषा : एक कृतिपाठ

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर जिल्ह्यातील किल्लारी व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील सास्तूर हा परिसर भूकंपाने हादरला. आदल्याच दिवशी गणेशविसर्जन झाले होते. गावे गाढ झोपेत होती. दगडमातीच्या रुंद भिंती व माळवदाचा भार निजलेल्या माणसांवर कोसळला. हजारो जीव गेले. बाहेरील मदत येण्यापूर्वी गावकऱ्यांनीच हातांनी ढिगारे उपसले. जखमी मनुष्याजवळ प्रथम पोहोचतो तो शेजारीच, हा त्या पहाटेचा धडा होय. मळणीयंत्रात हात सापडणे, झाडावरून पडणे, रस्त्यावरील अपघात या प्रसंगीही लातूर-नांदेडच्या खेड्यांत हेच घडते. म्हणून इयत्ता पाचवीपासून पुढील पाठ कृतीने शिकवावा.

साहित्य : स्वच्छ पंचा, जुन्या धोतराच्या पट्ट्या, दोन लाकडी पट्ट्या.

१. सुरक्षितता व निरोप : प्रथम यंत्र किंवा विजेचा प्रवाह बंद करावा. एकाने १०८ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. ही रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून चालू आहे. दुसऱ्याने वाट दाखविण्यासाठी फाट्यावर उभे राहावे.

२. रक्तस्राव : स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून तळहाताने घट्ट दाबावे. निदान दहा मिनिटे हात उचलू नये. कापड उचलून पाहिल्यास धरू लागलेली गुठळी सुटते. कापड भिजल्यास त्यावरच दुसरे ठेवून दाब वाढवावा. रुतलेली वस्तू उपसू नये. तिच्या दोन्ही बाजूंस दाबावे. हळद, चुना, तंबाखू जखमेत भरू नये. त्याने जखम दूषित होते.

३. अस्थिभंग : मोडलेला अवयव सरळ करण्याचा यत्न करू नये. आहे त्या स्थितीत पट्टीचा आधार द्यावा. हाताचे हाड मोडले असल्यास मनगट व कोपर दोन्ही स्थिर राहावीत. बांधल्यावर बोटे गार किंवा निळसर झाल्यास बंध सैल करावा.

४. मणका : उंचावरून पडलेल्यास अथवा ढिगाऱ्यातून काढलेल्यास हातपाय धरून उचलू नये. मणक्यास इजा असल्यास अशा उचलण्याने जन्माचे पांगळेपण येऊ शकते. धोका नसल्यास रुग्णवाहिका येईपर्यंत त्यास हलवू नये. हलविणे अटळ असल्यास डोके, मान व पाठ एका रेषेत ठेवून, एकाच्या इशाऱ्याने सर्वांनी मिळून फळीवर घ्यावे.

५. बेशुद्धी : तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. श्वास चालू आहे की नाही, हे सतत पाहावे.

पोलिसांच्या भयाने पुष्कळ लोक मदतीस कचरतात. रस्त्यावरील अपघातात सद्भावनेने साहाय्य करणाऱ्यास मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षण दिले आहे, हे पालकसभेत आवर्जून सांगावे.

मूल्यमापन : तोंडी उत्तरांवर समाधान मानू नये. प्रत्येक विद्यार्थ्याकडून दाब देणे व पट्टी बांधणे प्रत्यक्ष करवून घ्यावे आणि दर सत्रात एकदा उजळणी घ्यावी. संकटाच्या वेळी पाठांतर विसरते. हाताला लागलेली सवय मात्र कामी येते.