मृग इथे पाळू नको

सूनबाई, पुण्याहून बियाणं आणलंस, छान केलंस. पण मृग लागला म्हणून आजच पेरायला बसू नकोस. तंजावरला मराठ्यांचं राज्य आलं ते १६७६च्या सुमारास. इतक्या पिढ्या कावेरीचं पाणी पिऊनही आपल्या काही घरांतून देशावरचा पाऊस अजून निघालेला नाही. माझ्या सासूबाईही मृगात पेरायच्या आणि मग महिनाभर घागरी वाहायच्या.

आपल्या या आडुतुरै गावात जूनमध्ये पाणी आभाळातून येत नाही, मेट्टूरच्या धरणातून येतं. १२ जूनला दारं उघडायची रीत आहे, पण ते पाणी शेतातल्या कुरुवै भाताचं. परसातली भाजी आडी महिन्यात लावायची, म्हणजे जुलैचा मध्य उलटल्यावर. खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. तो येईपर्यंत झाडानं जोम धरलेला हवा.

माती नीट बघ. भाताचं संशोधन केंद्र १९२२ पासून याच गावात आहे, ते उगाच नाही. या चिकणीत भात सुखावतो, वांगं गुदमरतं. मी पहिल्या वर्षी गावाकडच्यासारखे सपाट वाफे केले. दिवाळीच्या पावसात दोन रात्री पाणी तुंबलं नि चाळीस मिरच्या उभ्या वाळल्या. पाण्यात असून वाळल्या, हे तेव्हा कळेना. मुळं कुजली होती. तेव्हापासून वीतभर उंच गादीवाफा आणि कडेनं चर. शेणखताबरोबर कुजलेलं भाताचं तूस घाल, माती मोकळी होते. ताजं तूस मात्र नको.

भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या की केवडा समज. औषध शोधत बसू नकोस, झाड उपट. पांढरी माशी तो शेजारच्या झाडांवर नेते. वांग्याचा शेंडा मान टाकतो तेव्हा आत अळी असते. दोन बोटं खालून कापून जाळ.

पडवळाला इथे पुडलंगाय म्हणतात. त्याचं फूल रात्री उमलतं, म्हणून सकाळी फळ धरलं नाही असं ओरडू नकोस. आधी नरफुलंच येतात, धीर धर. फळ वेटोळं घालायला लागलं की टोकाला सुतळीनं छोटा दगड बांध, सरळ वाढतं. पोरांना ती गंमत वाटते, बांधायला त्यांनाच लाव.

कुंपणाला हादगा लाव. इथे तो अगत्ती. पानमळ्यात नागवेली त्याच्यावरच चढवतात. शेवगा वाढू दे, पण सप्टेंबरात फांद्या छाटून घे. लाकूड ठिसूळ, वादळात फांदी पडली तर खालची भाजी जाते. छाटलेल्या फांद्या फेकू नकोस, मनगटाएवढ्या जाडीच्या रुजतात.

मे महिन्यात कत्तिरीचं कडक ऊन तापतं तेव्हा माठ, राजगिरा सोडून फारसं काही होत नाही. तेव्हा बाजारातली भाजी खावी, त्यात कमीपणा नाही.

बियाणं राखेत मिसळून डब्यात ठेव. आडीचा अठरावा दिवस आला, नदीवर पूजा झाली, की काढू. गवार तेवढी आज लाव म्हणशील तर लाव. नाही म्हटलं तरी तू लावणारच आहेस.