वडीलधाऱ्यांचा दूरध्वनी : तांब्याच्या तारेकडून इंटरनेटकडे

गोदावरी महाराष्ट्राचा निरोप घेऊन तेलंगणात प्रवेश करते त्या परिसरात, मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावर, नांदेड जिल्ह्यातील धर्माबाद वसलेले आहे. लाल मिरचीच्या व्यापारासाठी या गावाचे नाव दूरवर परिचित आहे. सीमेपलीकडे लगेच बासर लागते आणि बाजारात मराठी व तेलुगू या दोन्ही भाषा सारख्याच सहजतेने कानी पडतात. येथील अनेक घरांतील तरुण मंडळी शिक्षण व नोकरीच्या निमित्ताने हैदराबाद, पुणे, मुंबई आणि त्याही पलीकडे परदेशी गेली आहेत. मागे राहिले आहेत ते आईवडील. बैठकीतील तिवईवर, विणलेल्या रुमालाखाली जपून ठेवलेला दूरध्वनी हाच कित्येक वर्षे या दोन पिढ्यांमधील धागा होता. हा धागा आता बदलत आहे. तांब्याच्या तारेवरील जोडण्या मागे पडत असून त्यांची जागा फायबरच्या जोडणीने आणि मोबाइलवरील इंटरनेट संभाषणाने घेतली आहे. हा बदल घरातील वृद्धांच्या पचनी कसा पाडावा, हा प्रश्न म्हणूनच आज घरोघरचा झाला आहे.

प्रस्तुत लेखकाच्या एका आत्याबाई धर्माबादेस एकट्याच राहतात. भाच्यांनी मिळून त्यांना मोठ्या पडद्याचा मोबाइल आणून दिला आणि त्याच आठवड्यात घरचा जुना दूरध्वनी परत करून टाकला. असा सल्ला देणाऱ्यांत प्रस्तुत लेखकही होता. त्यानंतर तीन आठवडे त्यांच्याशी कोणाचेच बोलणे झाले नाही. आम्ही दोष 'रेंज'ला देत राहिलो. अखेर शेजारच्या मुलीने खरा प्रकार कळविला. मोबाइल वाजे, आत्याबाई त्याच्याजवळ जाऊन बसत आणि तो वाजायचा थांबेपर्यंत त्याच्याकडे पाहत राहत. "अरे, वाजतं तर खरं, पण उचलायचं कुठून?" असा त्यांचा साधा प्रश्न होता. मधल्या काळात दोन दिवस अंगात ताप असूनही त्यांनी कोणास कळविले नाही, कारण कळवावे कसे हेच त्यांना उमगेना. भावांचे, पुतण्यांचे, डॉक्टरांचे सारे क्रमांक त्यांना तोंडपाठ होते. पण ते आकडे दाबायचे कोठे, हे त्या गुळगुळीत काचेवर त्यांना सापडत नव्हते.

या पिढीला नवे यंत्र मानवत नाही असा निष्कर्ष यावरून काढणे अन्यायाचे होईल. आज पंचाहत्तरीत असलेल्या माणसांनी आपल्या हयातीत संपर्काची किती तरी स्थित्यंतरे पाहिली आहेत. मुंबईत दूरध्वनी केंद्र 1882 मध्ये सुरू झाले असले, तरी ग्रामीण भागाला ही सोय फार उशिरा लाभली. परगावी बोलायचे तर ट्रंक कॉल नोंदवून तासन् तास वाट पाहावी लागे. थेट क्रमांक फिरवून परगावी बोलण्याची सोय देशात प्रथम 1960 मध्ये कानपूर-लखनौ दरम्यान झाली. 1984 मध्ये 'सी-डॉट' ही संस्था स्थापन झाली आणि तिने ग्रामीण भागासाठी, वातानुकूलनाशिवाय धूळ व उष्णता सोसून चालणारे 128 जोडण्यांचे छोटे स्वयंचलित केंद्र तयार केले. त्यानंतर एस.टी.डी.च्या पिवळ्या पाट्या गावोगाव दिसू लागल्या. ट्रंक कॉलवरून एस.टी.डी.वर येताना या मंडळींना कोणी अडाणी म्हटले नव्हते. फरक इतकाच की, तेव्हा यंत्राचे रूप तेच राहिले होते : उचलण्याचा रिसीव्हर, फिरवण्याचा वा दाबण्याचा क्रमांक आणि ओळखीची घंटा.

म्हणूनच बदलाचा क्रम उलटा धरावा. आधी यंत्रामागची तार बदलावी, हातातील यंत्र नंतर. फायबरची जोडणी घरी आली की भिंतीवर जो मोडेम बसवतात, त्यास बहुधा दूरध्वनीसाठी वेगळे छिद्र असते. जुने बटणांचे यंत्र त्यास जोडले की आवाज इंटरनेटवरून जातो आणि वृद्धांच्या दृष्टीने काहीही बदललेले नसते. अनेक ठिकाणी जुना क्रमांकही कायम ठेवता येतो. तशी मागणी जोडणी घेतानाच लेखी करावी, कारण नातेवाईक, बँक, गॅस एजन्सी अशा सर्वांकडे तोच क्रमांक नोंदलेला असतो. चकती फिरवण्याचे फार जुने यंत्र मात्र सर्वच मोडेमना कळत नाही, तेव्हा ते आधी जोडून पाहावे. आणखी एक बारीक गोष्ट सांगावयास हवी. 15 जानेवारी 2021 पासून घरच्या दूरध्वनीवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावावे लागते. पाठ क्रमांक लावणाऱ्या वृद्धांना हे कोणी सांगितलेले नसते आणि फोनच बिघडला असा त्यांचा समज होतो.

मात्र तार बदलल्याने एक मोठा गुण नाहीसा होतो व त्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. तांब्याच्या तारेतून आवाजाबरोबर सुमारे 48 व्होल्टचा विद्युतप्रवाहही येत असे. तो दूरध्वनी केंद्रातील बॅटऱ्यांवरून येत असल्याने गावात वीज नसली तरी घरचा फोन चालू राही. काचेच्या तंतूतून प्रकाश जातो, वीज जात नाही. घरची वीज गेली की मोडेम बंद, आणि त्याबरोबर दूरध्वनीही बंद. उन्हाळ्यातील वादळी पावसात वीज जाणे आपल्याकडे नवे नाही, आणि आजारी माणसाला फोनची निकड नेमकी अशाच रात्री भासते. तेव्हा मोडेमला छोटी बॅटरी किंवा घरातील इन्व्हर्टर जोडणे ही चैन नव्हे. जोडणी झाल्यावर घराचे मुख्य बटण बंद करून एकदा फोन लावून पाहावा. ही परीक्षा पाच मिनिटांची आहे.

मोबाइलवरील इंटरनेट संभाषणाकडे वळताना प्रथम त्याचे लाभ नीट समजून घेतले पाहिजेत. जुन्या दूरध्वनीतून साधारणपणे 300 ते 3400 हर्ट्‌झ इतक्याच पट्ट्यातील आवाज जात असे. वयोमानाने ऐकू कमी येते तेव्हा प्रथम उंच पट्टीचे ध्वनी हरवतात. 'स', 'श', 'फ' अशी व्यंजने पुसट होतात आणि 'ऐकू येते पण कळत नाही' अशी अवस्था होते. इंटरनेट संभाषणात बहुधा याहून रुंद पट्ट्यातील आवाज जातो, त्यामुळे शब्द अधिक सुस्पष्ट उमटतात. त्यात चित्र असल्यास बोलणाऱ्याच्या ओठांचीही मदत होते. तथापि येथे आवाजाचे लहान लहान तुकडे करून ते पाठवले जातात. जोडणी मंद असली की ते उशिरा पोचतात किंवा वाटेत गळतात. हा विलंब सेकंदाच्या सुमारे सातव्या भागाहून वाढू लागला की दोघे एकदम बोलू लागतात आणि दोघे एकदम थांबतात. वृद्ध माणूस अशा वेळी आपल्यालाच ऐकू येत नाही असे समजून गप्प बसतो. मुलांनीच एक वाक्य बोलून क्षणभर थांबण्याची सवय लावून घ्यावी.

शिकवताना प्रथम फोन उचलणे शिकवावे, लावणे नंतर. पडद्यावर बोट टेकवणे आणि बोट सरकवणे यांतला भेद आपल्याला क्षुल्लक वाटतो. साठ वर्षे रिसीव्हर उचललेल्या हाताला तो क्षुल्लक नसतो. वयाने कोरड्या झालेल्या बोटाचा स्पर्श काच कधी कधी ओळखतही नाही. पंधरा दिवस रोज ठरलेल्या वेळी एकाच नातवाने वा नातीने फोन करावा. पडद्यावर चार-पाच माणसांची छायाचित्रे तेवढी ठेवावीत, बाकी सारे हलवावे. अक्षरे मोठी करावीत व भाषा निवडून द्यावी. धर्माबादसारख्या गावी हा मुद्दा महत्त्वाचा आहे. कोणास मराठी वाचता येते, कोणास तेलुगू, तर निजामाच्या राजवटीत शाळेत गेलेल्या एखाद्या नव्वदीच्या गृहस्थांना उर्दूच अधिक जवळची असते. या तिन्ही लिप्यांची सोय आजच्या फोनमध्ये आहे. चार्जर जुना दूरध्वनी ज्या तिवईवर होता तेथेच असावा, म्हणजे फोन कोठे आहे हे शोधावे लागत नाही.

व्हॉट्‌सॲपसारख्या ॲपमधून 112 हा तातडीचा क्रमांक लागत नाही. तो साध्या फोनवरूनच लावावा लागतो, हे आवर्जून दाखवून द्यावे. रिचार्जची मुदत मुलांनी आपल्या वहीत लिहून ठेवावी. क्रमांक फार काळ बंद राहिल्यास तो दुसऱ्या कोणास दिला जाऊ शकतो.

आता धोक्याविषयी. घरच्या दूरध्वनीवर अनोळखी माणूस फार तर चुकून लागे. इंटरनेटवर तो पोलिसाचा गणवेश घालून पडद्यावर प्रकटतो आणि 'डिजिटल अटक' झाल्याचे सांगतो. अशी अटक आपल्या कायद्यात नाही. ओटीपी, म्हणजे संदेशातून येणारा गुप्त आकडा, कोणासही सांगू नये आणि कोणाच्या सांगण्यावरून आपला पडदा दुसऱ्यास दिसू देऊ नये. नातवाचा हुबेहूब आवाज काढून पैसे मागण्याचे तंत्रही आता अवघड राहिलेले नाही, म्हणून घरापुरता एक खुणेचा शब्द ठरवून ठेवावा. बाळपणीच्या गाईचे नाव यासाठी उत्तम. फसवणूक झालीच तर लाजून गप्प न बसता तत्काळ 1930 वर कळवावे. ज्येष्ठ नागरिकांना अन्य अडचणींत मार्गदर्शनासाठी 14567 हा निःशुल्क क्रमांक आहे. हे दोन्ही क्रमांक तिवईजवळच्या भिंतीवर ठळक लिहून लावावेत, फोनमध्ये साठवून भागत नाही.

आत्याबाईंच्या घरी आता फायबरच्या मोडेमला बटणांचे यंत्र जोडलेले आहे. जुना क्रमांक परत मिळाला नाही, ही आमच्या घाईची किंमत. नवा क्रमांक त्यांनी चार दिवसांत पाठ केला. मोबाइलवर पुण्याची नात रोज रात्री आठ वाजता दिसते. ती दिसू लागली की आत्याबाई आधी तिला डोळे भरून पाहतात आणि मग बोलण्यासाठी फोन कानाला लावतात. नातीला पडद्यावर त्यांचा कान व कुडी तेवढी दिसते, आणि बोलणे सुरू होते.