कापडी पिशवीचा हिशेब

प्रश्न : भाजीला मी नेहमी कापडी पिशवी नेते. घरात आता अशा बऱ्याच पिशव्या साठल्या आहेत. पर्यावरणासाठी आपण काही करतोय, हे समाधान खरं मानायचं ना?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : सवय उत्तम आहे, ती मोडू नका. गटार तुंबवणारी, गुरांच्या पोटात जाणारी पातळ पिशवी तुमच्यामुळे कमी होते. साठलेल्या पिशव्यांची मात्र मला काळजी वाटते. कापसाला पाणी, खत, कीटकनाशकं लागतात. सूतकताई, विणकाम, रंगाईला वीज. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेच्या २०११च्या अहवालानुसार, तापमानवाढीपुरतं पाहिलं तर सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. तेव्हा कुठे ती एकदाच वापरून फेकलेल्या पातळ प्लॅस्टिक पिशवीच्या बरोबरीला येते. म्हणून दोनच पिशव्या विरेपर्यंत वापरा आणि समारंभात मिळणारी नवी पिशवी नम्रपणे परत करा. दुकानातली कापडासारखी दिसणारी रंगीत पिशवी तर बहुतेकदा पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लॅस्टिकचीच असते. जुन्या चादरीची पिशवी सर्वांत चांगली, कारण तिला नवा कापूस लागत नाही. मिरच्या-मटारसाठी जुन्या ओढणीच्या छोट्या थैल्या शिवा आणि भाजीवाल्याला तागडीतला माल थेट त्यांत ओतायला सांगा.