डावा पाय, बेस ड्रम

साताऱ्याजवळच्या आमच्या हायस्कूलमध्ये बँड शिकवायला फौजेतून निवृत्त झालेले एक सर होते. तरुणपण लष्करी बँडमध्ये गेलेलं, तालीम पचमढीच्या मिलिटरी म्युझिक विंगमध्ये झालेली. मी त्यांच्या हाताखाली बेस ड्रम वाजवला. आता मी स्वतः शिक्षिका आहे. बी.एड.ला जे मिळालं नाही ते मला त्या मैदानावर मिळालं.

१. आधी पाय, मग हात. सुरुवातीला वाद्य हातात मिळतच नसे, नुसता कदमताल. फौजेचं माप मिनिटाला १२० पावलं आणि पाऊल ३० इंचांचं. पाचवीच्या मुलांना ते झेपत नाही, म्हणून सरांनी पाऊल आखूड केलं, पण एकदा ठरलेलं पाऊल मधेच बदलू दिलं नाही.

२. मागच्या मुलावर ओरडण्याआधी अंतर मोजा. प्रभातफेरी लांबली की मागच्या वर्गांची पावलं चुकायची आणि सगळे त्यांनाच बोलायचे. सरांनी फळ्यावर हिशेब मांडला. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. ३४ मीटर मागे असलेल्या मुलाला ठोका सेकंदाच्या दहाव्या भागाइतका उशिरा ऐकू येतो. पाऊल अर्ध्या सेकंदाचं, म्हणजे ते मूल पावलाच्या पाचव्या हिश्श्याने मागे पडतं, आणि तरीही ऐकल्याबरहुकूमच चालत असतं! मग त्यांनी बँड फेरीच्या मध्यावर आणला आणि मागच्यांना पुढच्या रांगेच्या पायांकडे बघून चालायला शिकवलं. शेवटच्या बाकावरून उत्तर उशिरा आलं की मी अजून आधी हेच तपासते, माझं बोलणं तिथवर पोचलं कधी?

३. वाद्याची काळजी वाजवणाऱ्यानेच घ्यायची. १५ ऑगस्टच्या दमट हवेत चामडं सैल पडतं, ठोका बसका येतो. आम्ही सकाळी लवकर जाऊन ड्रम शेकायचो, कसायचो. कार्यक्रम झाला की ताण सैल करूनच ड्रम कपाटात जायचा.

४. ट्रँगललाही पूर्ण तालीम. ज्याच्या वाट्याला मोजके ठोके, त्यालाही सर तेवढाच वेळ उभं करत.

५. राष्ट्रगीत ५२ सेकंदांत. घड्याळ लावून सराव व्हायचा. रेंगाळायचं नाही, उरकायचंही नाही.

६. मुलीच्या गळ्यात बेस ड्रम. एवढं ओझं मुलीला कशाला, असं गावात बरेच जण म्हणाले. सरांनी वाद घातला नाही. माझ्या खांद्याच्या मापाने पट्टा आखूड केला, त्याखाली जाड कापडाची घडी शिवून दिली आणि मला बँडच्या पहिल्या रांगेच्या मधोमध उभं केलं. डावा पाय आणि बेस ड्रम एकत्र पडला पाहिजे, एवढंच सांगितलं. अख्खी शाळा माझ्या ठोक्यावर चालते आहे हे ज्या वयात कळलं, त्या वयात दुसऱ्या कशानेही मला इतकं बळ दिलं नसतं.

७. हा धडा माझा. आज कित्येक शाळांत संचलनाची धून मोबाइलवरून लाऊडस्पीकरला जोडतात. पहिलीची मुलं मैदानात आली की सर हाताने खूण करून लय किंचित उतरवायचे. लाऊडस्पीकर ती उतरवत नाही. आमच्या भागात गावोगाव निवृत्त फौजी आहेत, त्यांत बँडवालेही सापडतील. मुख्याध्यापकांनी त्यांच्या घरी जाऊन त्यांना शाळेत बोलवावं. वाद्यांची वर्गणी आम्ही माजी विद्यार्थी काढू.