आजचं वचन : लूक १४:२८-३०



बुरूज बांधायला घेतलेल्या माणसाचा दाखला आपल्याला पाठ आहे. पाया घातला, पण काम पुरं होईना, आणि लोक हसू लागले. हे वाचलं की मला आपलं फोर्टमधलं सेंट थॉमस कॅथेड्रल आठवतं. रविवारी नायगावहून मुद्दाम गेलो होतो.

१६७६ मध्ये गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियरच्या काळात त्याचा पाया घातला गेला. पुढच्याच वर्षी ऑन्जियर सुरतेला वारला. भिंती साधारण १५ फूट चढल्या आणि काम थांबलं, ते जवळजवळ ४० वर्षं! पाया घालताना पाहिलेलं पोर बाप होऊन गेलं असेल, तरी वर छप्पर नाही. १७१५ च्या सुमारास रिचर्ड कॉब या पाळकाने विषय पुन्हा काढला, वर्गणी जमवली, आणि १७१८ च्या नाताळात चर्च उघडलं.

म्हणजे पूर्ण करणारा माणूस वेगळाच. तोही शेवटचा नव्हे. १८३७ मध्ये ते कॅथेड्रल झालं, पुढच्या वर्षी उंच मनोरा आला, १८६० च्या दशकात वेदीकडची बाजू गॉथिक पद्धतीने वाढवली. त्यामुळे आत उभं राहिलं की दोन काळ एकाच छताखाली दिसतात. बाहेरचं कारंजं कावसजी जहांगीर रेडीमनी या पारशी दानशूराच्या पैशातून झालं, हे मला फार आवडतं. (आणि हो, चर्चगेट म्हणजे किल्ल्याचा याच चर्चकडे येणारा दरवाजा. जुन्या मुंबईचे मैलाचे दगडही इथूनच मोजलेले.)

पण मी अडकलो त्या १५ फुटांवर. दाखल्यात प्रभू आधी बसून खर्च मोजायला सांगतो. मी मोजला नव्हता. आजीला दिसेनासं झालं तेव्हा तिच्यासाठी लूक फोनवर वाचून रेकॉर्ड करायला घेतलं. नऊ अध्याय झाले, मग ऑफिसचं रिलीज आलं. त्याला आता दीड वर्ष होईल. आजी हसत नाही, रागावतही नाही. तेच नऊ अध्याय पुन्हा पुन्हा ऐकते, आणि परवा म्हणाली, "बाळा, शोमरोनी पुढे कुठे येतो रे?"

तो दहाव्यात येतो. आज जेवणानंतर पंखा बंद करून बसणार आहे, रेकॉर्डिंगमध्ये त्याचा आवाज फार येतो.