मंडळीच्या गायनासाठीं ध्वनियंत्रें कशीं निवडावीं

शास्त्रभाग: १ करिंथ १४:६–१२, १ शमुवेल १७:३८–४०, लूक १४:२८–३०

हल्लीं खेडोपाडींच्या मंडळ्यांतून आमच्याकडे एकच प्रश्न फिरून फिरून येतो. सुगीचा सण झाला, मंडळीनें धान्य व पैसा वाहिला, कांहीं रक्कम शिल्लक राहिली. आतां तरुण म्हणतात, मिक्सर घ्या, गिटारीसाठीं पेडलें घ्या. वडील म्हणतात, पेटी-तबला आहे तेवढें पुरे. आणि उपदेशक बिचारा दोघांच्या मध्यें उभा. ज्या भगिनींच्या मूठ-मूठ धान्यांतून तो पैसा जमला, त्यांस तर मिक्सर म्हटला कीं चटणीचें यंत्र आठवतें! म्हणून या आठवड्याच्या पाठास आम्ही हाच विषय घेतला आहे. उपदेशक बंधूंनीं तो पंचांच्या बैठकींत वाचून दाखवावा, अशी आमची विनंति आहे.

प्रथम शास्त्र पाहूं. करिंथच्या मंडळीस लिहितांना पौलानें पांवा, वीणा व रणशिंग यांचा दाखला घेतला आहे. त्याच्या म्हणण्याचा रोख असा कीं, वाद्य निर्जीव असलें तरी त्याच्या सुरांत भेद कळला पाहिजे. नाहींतर काय वाजत आहे हें कोणास समजावें? प्रेषिताचा विषय भाषांचा आहे, यंत्रांचा नव्हे, हें खरें; तथापि त्यानें लाविलेली कसोटी आमच्या कामीं पुरेपूर येते. मोठ्यानें ऐकूं येणें व स्पष्ट ऐकूं येणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि बाजारांत मंडळ्यांचा बहुतेक पैसा पहिलीवर खर्च होतो.

तेव्हां यंत्र घेण्यापूर्वीं आपल्या मंदिराची परीक्षा करावी. तीस-चाळीस माणसें बसतील एवढीच जागा असेल, तर वाचकाचा आवाज विजेवांचून शेवटपर्यंत जातो. आपल्या प्रभूनें तारवांत बसून कांठावरच्या समुदायास शिकविलें, आणि एज्रानें लांकडी मंचावर उभें राहून नियमशास्त्र वाचलें. उंच जागा, लोकांकडे तोंड व सावकाश उच्चार हीं साधनें अद्यापि फुकट मिळतात. पत्र्याचें छप्पर व दगडी भिंती असलेल्या मोठ्या मंदिरांत मात्र अडचण निराळी असते. तेथें आवाज कमी पडत नाहीं, तो घुमतो. ध्वनि एका सेकंदांत सुमारें ३४३ मीटर जातो. म्हणून १७ मीटर दूरच्या भिंतीवर आपटून परत येणारा शब्द एक दशांश सेकंद उशिरां पोंचतो आणि पुढच्या शब्दावर जाऊन पडतो. अशा ठिकाणीं मोठा कर्णा आणला तर घुमणेंच मोठें होतें. खालीं जाड सतरंज्या अंथराव्या, मागच्या भिंतीस पडदे किंवा जुन्या गोधड्या टांगाव्या, आणि मग पुन्हां ऐकून पाहावें. हा खर्च पहिला.

आतां मिक्सर. विहिरीचें पाणी व ओढ्याचें पाणी एका पाटांत सोडतांना शेतकरी प्रत्येकाचें दार कमी-अधिक उघडतो, तेंच काम हें यंत्र आवाजाच्या बाबतींत करितें. प्रत्येक वाटेस वर एक गुंडी असते, तिला गेन म्हणतात. येणारा आवाज यंत्रानें किती घ्यावा हें ती ठरविते. खालीं सरकपट्टी किंवा दुसरी गुंडी असते. एकत्र झालेल्या आवाजांत त्याचा वाटा किती, हें तिनें ठरतें. या दोहोंतील भेद न समजल्यामुळें चांगलीं यंत्रें वाईट वाजतात. गेन फार वाढविला तर आवाज आंत शिरतांनाच फाटतो, आणि मग खालीं कितीहि कमी केला तरी तो फाटलेलाच राहतो. फार कमी ठेविला तर खालून वाढवितांना खरखरहि वाढते. गाणाऱ्यास अगदीं मोठ्यानें गावयास सांगावें, तांबडा दिवा लागूं लागला कीं गेन थोडा मागें घ्यावा, आणि मग त्यास हात लावूं नये.

दुकानांत ‘दहा चॅनेल’, ‘सोळा चॅनेल’ असे आंकडे सांगतात. यामाहा कंपनीच्या एमजी१०एक्सयू या मिक्सरास दहा वाटा आहेत, परंतु त्यास माईक चारच लागतात. बाकीच्या वाटा कळफलक, मोबाईल इत्यादींकरितां जोडीजोडीच्या आहेत. यांत लबाडी कांहीं नाहीं, मोजण्याची रीतच तशी आहे. म्हणून दुकानदारास एवढेंच विचारावें कीं, तीन पिनांचे माईक एका वेळीं किती लागतील? वाचणारास व उपदेश करणारास एक, गाणारांस दोन, पेटीस एक, तबल्यास दोन्ही पुड्यांच्या मध्यें वरून एक, गिटारीस एक, असे सहा झाले. सहा ते आठ माईकांचा, प्रत्येक वाटेस स्वतःची गुंडी असलेला साधा मिक्सर बहुतेक खेड्यांतील मंडळ्यांस पुरतो.

तरुणांस डिजिटल मिक्सर हवा असतो. बेहरिंजरचा एक्सआर१८ हा त्यांपैकीं एक; त्यास माईकांच्या सोळा वाटा असून तो टॅबलेटवरून चालतो. त्याच्या आंतील सोई पाहून आम्हांसहि मोह होतो हें नाकारीत नाहीं. परंतु शौलाचें चिलखत वाईट नव्हतें. तें शौलास ठीक होतें. दाविदास त्याची संवय नव्हती, म्हणून त्यानें तें उतरून ठेविलें आणि ओढ्यांतले पांच गुळगुळीत गोटे घेतले, कारण गोफण त्याच्या हातची होती. टॅबलेट जाणणारा एकुलता एक मुलगा नोकरीसाठीं पुण्यास गेला, कीं पुढच्या रविवारीं तें यंत्र कोण उघडणार? जेथें दोन-तीन जाणते आहेत व वीज खात्रीची आहे, तेथें डिजिटल अवश्य घ्यावा, इतरत्र नाहीं.

माईकांविषयीं थोडें. शुअर कंपनीचा एसएम५८ हा १९६६ सालीं निघालेला माईक आजहि जगभर गाणाऱ्यांच्या हातीं दिसतो, तो त्याच्या टणकपणामुळें. मात्र त्याच्या नकला बाजारांत पुष्कळ आहेत. तो डायनॅमिक जातीचा असल्यामुळें त्यास वीज लागत नाहीं. कंडेन्सर जातीच्या माईकास बहुधा मिक्सरांतून ४८ व्होल्ट द्यावे लागतात, आणि तो लांबचें वटवाघूळहि ऐकतो! खेड्यांत डायनॅमिकच बरा. तोंडापासून चार बोटें अंतर ठेवावें. अंतर दुप्पट झालें कीं माईकावर पडणारा आवाजाचा दाब निम्मा होतो. मग चालविणारा आवाज वाढवितो आणि कर्णा शिटी मारूं लागतो. कर्ण्यांतून निघालेला आवाज माईकांत शिरून फिरून फिरून वाढत जातो, तीच ही शिटी. कर्णे नेहमीं गाणाऱ्यांच्या पुढें, लोकांकडे तोंड करून असावेत.

गिटार कांहीं वडिलांस परकी वाटते. त्यांस आम्ही आदरानें सांगतों कीं, पेटीहि परकीच होती. एकोणिसाव्या शतकांत पॅरिसच्या देबें यांनीं जें हार्मोनियम घडविलें, त्याची हातानें भाता चालविण्याची लहान जात या देशांत रूढ झाली. आणि ती इतकी परकी मानली गेली कीं, सरकारी रेडिओवर तिला १९४० सालीं जी बंदी झाली ती १९७१ सालीं शिथिल झाली. रे. नारायण वामन टिळकांचीं भजनें आज त्याच पेटीवर गातांना ती परकी होती हें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. वाद्याची जात पाहूं नये. तें मंडळीच्या गायनास उचलून धरतें कीं झांकून टाकतें, हें पाहावें.

गिटारीच्या पेडलांची उत्पत्ति मोठी मौजेची आहे, आणि ती मिक्सरांतूनच झाली. अमेरिकेंतील नॅशव्हिल शहरीं मार्टी रॉबिन्स यांच्या ‘डोन्ट वरी’ या गीताचें ध्वनिमुद्रण चाललें असतां, ग्रेडी मार्टिन यांच्या सहा तारांच्या बेस गिटारीचा आवाज मिक्सरच्या एका बिघडलेल्या वाटेंतून गेला व करकरीत फाटला. तो तसाच ठेविला, आणि १९६१ सालीं तें गीत लोकांस फार आवडलें. पुढें तेथील ध्वनियंत्रज्ञ ग्लेन स्नॉडी यांनीं तोच बिघाड मुद्दाम घडवून आणणारी डबी बनविली. ती १९६२ सालीं मॅस्ट्रो फझ-टोन या नांवानें विकावयास आली. म्हणजे एकाचा दोष तोच दुसऱ्याचा अलंकार झाला. त्यानंतर आवाजास ‘वा-वा’ असें बोलावयास लावणारें पेडल १९६७ सालीं बाजारांत आलें, आणि एकाचे अनेक भासविणारें कोरस हें बॉस कंपनीनें १९७६ सालीं काढलें. तरुणांनीं हा इतिहास जाणावा. या डब्यांत पाप भरलेलें नाहीं. परंतु त्या ज्या गीतांसाठीं निघाल्या, त्यांत गिटार हीच बोलणारी आहे. उपासनेंत बोलणारी मंडळी असते.

आम्हांस विचाराल तर पहिलें पेडल ट्यूनर घ्यावें. तें कांहींच आवाज करीत नाहीं, फक्त तार सुरांत आहे कीं नाहीं हें दाखवितें, आणि तार जुळवितांना बहुतेकांत गिटार मुकी ठेवितां येते. बेसूर गिटारीस दुसरें कोणतेंहि पेडल सुधारीत नाहीं. पेटीचे सूर पक्के असतात, ते गिटारीसाठीं हलत नाहींत. तेव्हां ट्यूनर पेटीशीं मिळवून घ्यावा.

दुसरी वस्तु पेडलाच्या आकाराची असूनहि पेडल नव्हे. तिला डीआय बॉक्स म्हणतात. गिटारीची साधी जॅकची वायर सहा मीटरांपलीकडे नेली, कीं आवाज बोथट होतो आणि घरघर शिरते. डीआय बॉक्स तो आवाज माईकासारख्या तीन पिनांच्या वायरीस देतो. त्या वायरींत एकच आवाज दोन तारांतून उलट-सुलट जातो व पलीकडे एकांतून दुसरा वजा होतो. वाटेंत शिरलेली घरघर दोहोंत सारखी असल्यामुळें नाहींशी होते. ज्या गिटारीच्या कडेस गुंड्या व आंत ९ व्होल्टची बॅटरी आहे, ती जवळच असल्यास मिक्सरच्या लाईनच्या वाटेस सरळ लाविली तरी चालते. जिला बॅटरी नाहीं, तिला डीआय बॉक्स किंवा हाय-झेड अशी खूण असलेली वाट पाहिजेच. एरव्हीं ती पातळ व पत्र्यासारखी वाजते, आणि मुलें नवी गिटार मागूं लागतात.

तिसरें, रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमणें. आधींच घुमणाऱ्या मंदिरांत तें विकत घेणें म्हणजे पुरांत पाणी ओतणें होय. लहान, गोधड्या लाविलेल्या खोलींत मात्र त्यानें गायन गोड होतें, आणि पुष्कळ मिक्सरांत तें आंतच असतें, निराळें घ्यावें लागत नाहीं. शास्त्रपाठ, प्रार्थना व उपदेश यांच्या वेळीं तें बंद असलेंच पाहिजे. यापुढें कोणी फझ, ओव्हरड्राइव्ह वगैरे जोडलींच, तर क्रम संभाळावा: ट्यूनर सर्वांआधीं, आवाज फाडणारीं त्यानंतर, आवाज लांबविणारीं शेवटीं. आधीं लांबवून मग फाडल्यास शेपटीहि फाटते आणि सर्व चिखल होतो. बहुतेक पेडलांस ९ व्होल्ट लागतात व त्यांच्या पिनेचा मध्य ऋण असतो. साध्या अडॅप्टरचा पुष्कळदां धन असतो, तेव्हां खूण पाहिल्यावांचून लावूं नये. एका डबीत पन्नास आवाज असणारीं यंत्रेंहि मिळतात. तीं वाईट नाहींत, परंतु प्रार्थना चालू असतां वाजविणाराचे डोळे पायांकडे असतात, हें आम्हीं अनेक ठिकाणीं पाहिलें आहे.

विजेविषयीं लिहितांना आम्हांस भय वाटतें, आणि वाचकांसहि वाटावें. ३ मे १९७२ रोजीं वेल्समधील स्वान्सी येथें लेस हार्वी नांवाचा तरुण गिटारवादक भर कार्यक्रमांत माईकास हात लावतांच विजेच्या धक्क्यानें मरण पावला. माईकाची जमिनीशीं जोडणी बरोबर नव्हती. गिटारीच्या धातूच्या तारांवर एक हात व माईकावर ओंठ, अशी गाणाऱ्याची स्थिति असते. घरघर जावी म्हणून तिसरी, अर्थिंगची पिन मोडून टाकण्याची रीत कांहीं ठिकाणीं आहे. ती त्याच दिवशीं बंद करावी. घरघर घालविण्यास डीआय बॉक्सवर ग्राउंड-लिफ्ट नांवाची कळ असते. ती आवाजाच्या वायरीची जोडणी तोडते, विजेची अर्थिंग तशीच राहते. मंदिराच्या वीजफळीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घेतल्यावांचून मिक्सर घेऊं नये. पैसा एकाच वस्तूस पुरत असेल, तर मिक्सर राहूं द्यावा.

कायद्याचेंहि भान असावें. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणें कर्ण्यास अधिकाऱ्यांची लेखी परवानगी लागते, आणि वस्तीसाठीं ठरविलेली मर्यादा दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल आहे. बंद सभागृह वगळतां रात्रीं १० पासून सकाळीं ६ पर्यंत कर्णा लावूं नये. सणासुदीस सरकार कांहीं दिवस जी सवलत देतें, तिची चौकशी तहसील कचेरींत वा पोलिस ठाण्यांत करावी. शेजाऱ्याच्या आजारी माणसाची झोंप मोडून त्यास सुवार्ता गोड लागेल, असें आम्हांस वाटत नाहीं.

खर्चाचा हिशेब बुरूज बांधणाऱ्याप्रमाणें आधीं बसून करावा. मिक्सर म्हणजे नुसता पाया. वायरी, उभे दांडे, कर्णे, इन्व्हर्टर, धूळ न बसावी म्हणून जाड आच्छादन, आणि वर्षभराची दुरुस्ती धरल्यावांचून पंचांनीं अंगठा किंवा सही देऊं नये. यंत्र दोन जणांनीं तरी शिकावें, त्यांत एक भगिनी असावी. पैसे देण्यापूर्वीं दुकानदाराकडून तें एका रविवारासाठीं मंदिरांत मागून आणावें. मंडळींतील ज्या आजीस कमी ऐकूं येतें, तिला सर्वांत मागच्या सतरंजीवर बसवावें, नेहमींच्या प्रमाणें उपासना करावी, आणि उपासना संपल्यावर गायनाचे शब्द व शास्त्रपाठाचा विषय तिलाच विचारावा. तिला सांगतां आलें तर पैसे द्यावे. यंत्र असें पारखावयास देण्यास जो दुकानदार तयार नसेल, त्यास नमस्कार करून पुढच्या दुकानीं जावें.